शालेय गणिताच्या अध्यापनात संगणक प्रोग्रॅमिंगचा उपयोग : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना

गणित हा विषय अमूर्त संबोधांवर उभा असल्याने शालेय स्तरावर त्याचे अध्यापन नेहमीच आव्हानात्मक ठरले आहे. सूत्रे पाठ करणे आणि ठरावीक पद्धतीने उदाहरणे सोडविणे यांतच बहुसंख्य विद्यार्थ्यांचे गणित संपते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मात्र विद्यार्थ्याच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गणित आणि संगणकीय विचारपद्धती यांचा एकत्र उल्लेख झाला व पूर्व माध्यमिक स्तरावर कोडिंगचे उपक्रम सुचविण्यात आले. या पार्श्वभूमीवर प्रोग्रॅमिंगमुळे गणिताचे आकलन खरोखरच वाढते काय, आणि वाढत असेल तर कोणत्या परिस्थितीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोगो भाषा आणि कासवाची भूमिती

या विचाराचा उगम १९६७ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या 'लोगो' या संगणकभाषेत सापडतो. वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञानाची रचना करते हा पियाजे यांचा विचार त्यांनी पुढे नेला. एखादी वस्तू प्रत्यक्ष घडविताना ही ज्ञानरचना अधिक सकस होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले.

लोगोमध्ये पडद्यावरील 'कासवा'ला आज्ञा दिल्या जातात. 'पुढे १००, उजवीकडे ९०' ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस तयार होतो. आता विद्यार्थ्याला समभुज त्रिकोण काढावयास सांगितला, तर तो बहुधा 'पुढे १००, उजवीकडे ६०' असे तीन वेळा लिहितो; कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. परंतु पडद्यावर त्रिकोणाऐवजी षटकोनाच्या तीन बाजू उमटतात. येथे विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो. कासव वळते ते आंतरकोनातून नव्हे, तर बाह्यकोनातून. म्हणून वळण १२० अंशांचे हवे. पूर्ण आकृती काढून कासव मूळ स्थितीत येते तेव्हा ते एकूण ३६० अंशांतून वळलेले असते. हे लक्षात आले की कोणत्याही सुसम बहुभुजासाठी ३६० ला बाजूंच्या संख्येने भागावे, हा नियम विद्यार्थी स्वतः शोधू शकतो. चूक ही येथे गुण कापण्याची बाब राहत नाही. ती विचाराची पुढची पायरी ठरते.

कापरेकर स्थिरांक : एक उदाहरण

प्रोग्रॅमिंगचा उपयोग केवळ भूमितीपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी अंकगणितातील एक उत्तम उदाहरण देवळाली येथील शाळाशिक्षक आणि गणिती द. रा. कापरेकर यांच्या कार्यात आढळते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म शोधून काढला. सर्व अंक समान नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ पासून आरंभ केल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येतेच.

विद्यार्थ्यांनी या क्रियेची आज्ञावली लिहिली की एक उद्बोधक अडचण उद्भवते. २१११ या संख्येसाठी पहिली वजाबाकी २१११ − १११२ = ९९९ अशी येते. संगणकाने ही तीन अंकी संख्या मानली तर पुढील उत्तर शून्य येते आणि नियमच मोडल्यासारखा वाटतो. ती ०९९९ अशी चार स्थानांत लिहिली, तर ९९९० − ०९९९ = ८९९१ मिळते व पुढे ८०८२, ८५३२ या मार्गाने ६१७४ गाठता येते. डावीकडील शून्याला किंमत नसते, हे विद्यार्थ्याने ऐकलेले असते. परंतु येथे त्या शून्याने राखलेले स्थान निर्णायक ठरते. स्थानिक किमतीचा संबोध असा कसोटीला लागण्याचे प्रसंग पाठ्यपुस्तकी उदाहरणांत क्वचितच येतात.

यापुढील टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. ०००० ते ९९९९ यांपैकी समान अंकांच्या दहा संख्या वगळता उरलेल्या ९९९० संख्या संगणक क्षणार्धात तपासून देतो. संख्या मर्यादित असल्याने ही तपासणी सिद्धताच होय. परंतु असे का घडते, हे तिच्यातून उलगडत नाही. त्यासाठी बीजगणिताकडे वळावे लागते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असे मानले, तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते आणि अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ आहेत. जे काम संगणकाने ९९९० वेळा केले, ते बीजगणिताच्या साहाय्याने वहीच्या एका पानावर येते. संगणक कुतूहल निर्माण करतो व त्याचे समाधान गणित करते, हा क्रम शिक्षकाने सांभाळणे आवश्यक आहे.

संबोधांतील एक धोका

प्रोग्रॅमिंगची भाषा आणि गणिताची भाषा सर्वस्वी एक नाहीत. अनेक संगणकभाषांत 'क = क + १' ही वैध आज्ञा आहे; तिचा अर्थ 'क' ची किंमत एकाने वाढवावी असा होतो. बीजगणितात मात्र हेच समीकरण असत्य आहे. बरोबरचे चिन्ह म्हणजे 'उत्तर काढा' अशी आज्ञा, हा गैरसमज प्राथमिक वर्गांपासून रुजलेला असतो. भेद स्पष्ट न केल्यास प्रोग्रॅमिंगमुळे तो अधिकच दृढ होण्याची भीती आहे.

संशोधनाची साक्ष

लोगोविषयीच्या प्रारंभीच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या. परंतु रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात, लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनक्षमता इतर मुलांपेक्षा सरस आढळली नाही. याउलट डग्लस क्लेमंट्स, मायकेल बॅटिस्टा आणि ज्युली सरामा यांनी भूमितीचे निश्चित उद्दिष्ट ठेवून आखलेल्या लोगो-अभ्यासक्रमाचे अनुकूल परिणाम २००१ मध्ये मांडले. इंग्लंडमधील 'स्क्रॅचमॅथ्स' प्रकल्पाच्या २०१८ मधील मूल्यमापनात विद्यार्थ्यांची संगणकीय विचारपद्धती सुधारल्याचे दिसले. गणिताच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांवर मात्र परिणाम आढळला नाही. प्रोग्रॅमिंग शिकल्याने गणित आपोआप येत नाही, इतके यावरून म्हणता येते. कृतीतील गणित शिक्षकाने उघड करून दाखविले, तरच लाभाची शक्यता निर्माण होते.

धोरणे आणि भारतीय संदर्भ

प्रोग्रॅमिंगला अभ्यासक्रमात स्थान कोठे द्यावे, याविषयी एकमत नाही. इंग्लंडने २०१४ पासून 'कॉम्प्युटिंग' हा स्वतंत्र विषय ठेवला. फ्रान्सने २०१६ मध्ये आणि स्वीडनने २०१८ मध्ये त्याचा समावेश गणिताच्या अभ्यासक्रमातही केला. भारतात १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत संगणक पोहोचले. पुढील काळात मात्र शालेय संगणक शिक्षण बरेचसे यंत्राची ओळख आणि तयार सॉफ्टवेअरचा वापर यांभोवती फिरत राहिले. गणिताच्या तासाशी त्याचा सांधा जुळला नाही.

संगणक आणि वीजपुरवठा यांची अनुपलब्धता ही अनेक ग्रामीण शाळांची वस्तुस्थिती आहे. परंतु आज्ञावलीमागील विचार शिकविण्यास यंत्र प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. पटांगणावर एका विद्यार्थ्याने कासव व्हावे आणि इतरांनी आज्ञा द्याव्यात, हा खेळ खडूच्या तुकड्यावर भागतो. एसीएम इंडियाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'सीएस पाठशाला' उपक्रमातही संगणकाविना करावयाच्या कृतींवर भर दिला गेला.

समारोप

प्रोग्रॅमिंग हा गणिताला पर्याय नाही आणि गणित सोपे करण्याची युक्तीही नाही. विद्यार्थ्याला आपला विचार काटेकोरपणे मांडण्यास व तो तपासून पाहण्यास लावणारे ते एक साधन आहे. या साधनाचे यश यंत्रांच्या संख्येवर ठरणार नाही. ६० अंशांऐवजी १२० अंश का, किंवा ९९९ ऐवजी ०९९९ का, हा प्रश्न योग्य क्षणी विचारणाऱ्या शिक्षकावर ते अवलंबून राहील. असा शिक्षक अध्यापक महाविद्यालयांत घडतो. तेथे गणित अध्यापन पद्धती आणि माहिती तंत्रज्ञान हे घटक वेगवेगळ्या कप्प्यांत शिकविले जात असतील, तर शाळेतही ते वेगळेच राहतील. म्हणून या विषयातील पहिला बदल शाळेच्या संगणक कक्षात नव्हे, तर शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात होणे गरजेचे आहे.