शेवट ठाऊक असलेला धडा

प्रत्यक्ष उद्योगापुढील पेच विद्यार्थ्यासमोर ठेवावा आणि निर्णय त्यालाच घ्यावयास लावावा, हे व्यवस्थापनशिक्षणातील प्रकरण-अध्ययनाचे मर्म होय. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डची ही पद्धत आपल्याकडे रुजविली.

कोडॅकचे उदाहरण घ्यावे. १९७५ मध्ये तेथील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने डिजिटल कॅमेरा तयार केला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. कंपनीचा नफा मात्र फिल्मवर अवलंबून होता. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हा शेवट ठाऊक असलेला विद्यार्थी संचालकांना अदूरदर्शी ठरवून मोकळा होतो. परंतु त्या धूसर चित्रासाठी भरभराटीचा धंदा १९७५ मध्ये कोणी पणास लावला असता? फूजीफिल्मने आपले रसायनशास्त्राचे ज्ञान पुढे औषधे व सौंदर्यप्रसाधनांकडे वळविले आणि ती तगली. तेव्हा भांडवल केव्हा, किती आणि कोठे वळवावे, हाच खरा प्रश्न ठरतो.

त्याचे उत्तर त्या त्या वर्षी हाती असलेल्या माहितीवरच शोधले पाहिजे. म्हणून शिक्षकांनी प्रकरणाचे शेवटचे पान राखून ठेवावे, आणि गुण निकालाला न देता विचाराला द्यावेत.