गच्चीवरचं पाणी जातं कुठे?

मृगाची पहिली सर कोसळली की आम्ही मुलं हंडे-कळशा घेऊन पागोळ्यांकडे धावायचो आणि आजी दटावायची, ‘थांबा रे, आधी कौलं धुऊन निघू देत!’ दोन-चार दणदणीत सरी अशा वाया गेल्या की मगच पन्हळीखाली पिंप लागायचं. आज इंजिनीअर मंडळी पाइपला झडप बसवून पहिलं पाणी गटारात सोडतात. आजीकडे झडप नव्हती, एवढंच.

तिची आठवण झाली ती आमच्या सोसायटीच्या मे महिन्यातल्या सभेत. बोरिवलीतली चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं. नळाला पाणी जेमतेम पाऊण तास, बाकी भिस्त टँकरवर. बिलावरून खडाजंगी चालू असताना कुणीतरी म्हणालं, ‘अहो, पावसाचं पाणी मुरवायची सोय आहे ना आपल्याकडे? बिल्डरनं नकाशात दाखवली होती.’ शोधाशोध झाली. एका स्कूटरखाली लोखंडी झाकण निघालं. खाली खड्डा, त्यात गाळ, गुटख्याच्या पुड्या आणि एक रबरी चप्पल. गच्चीवरून उतरलेला पाइप खड्ड्याच्या वीतभर अलीकडेच संपला होता!

मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना ही सोय २००२ पासून सक्तीची आहे. तमिळनाडूनं २००३ मध्ये ती जुन्या-नव्या सगळ्याच इमारतींना लागू केली. कायदा खड्डा खणून घेतो. तो उपसायला मात्र कुणी येत नाही.

गंमत म्हणजे आमच्या घरापासून कान्हेरीची लेणी रिक्षाच्या अंतरावर आहेत. तिथल्या भिक्षूंना नळ नव्हता, टँकरही नव्हता. त्यांनी कातळात पन्हळी कोरून डोंगरउतारावरचं पाणी लेण्यांच्या अंगणातल्या टाक्यांत आणलं. टाक्याचं तोंड लहान, आत ऐसपैस. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे आणि ती कुणी दान दिली तेही कोरून ठेवलं आहे. बहुतेक लेण्यांना आपापली पोढी. आमचा खड्डा सोळा जणांचा, म्हणजे कुणाचाच नाही.

सभेत मग हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ३०० चौरस मीटरची, आणि मुंबईचा पावसाळा सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर. पाचवा हिस्सा सांडला धरलं तरी ४ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४८ टँकर! सगळे खूश. पण चौसष्ट माणसं, माणशी रोज १३५ लिटर. सारं साठवलं तरी दोन महिनेही पुरणार नाही. आणि एवढ्या टाकीला अख्खं पार्किंग जाईल.

मग टाकी बांधायचीच नाही? बांधायची, पण बेताची. दहा हजार लिटरची टाकी सव्वाचाळीस-बेचाळीस मिलिमीटर पावसात भरते. मुंबईत असे दिवस पावसाळ्यात कितीदा तरी येतात. टाकी भरते, वापरात रिकामी होते, पुन्हा भरते. हे पाणी संडासाच्या फ्लशला, जिने धुवायला, गाड्या पुसायला. पिण्याच्या टाकीशी त्याचा पाइप जोडायचा नाही. गच्चीवर कबुतरांचा मुक्काम असतो, हे विसरू नये. झाकण घट्ट, हवेच्या नळीला बारीक जाळी, नाहीतर पाणी साठवलं आणि डास पाळले अशी गत. टाकी ओसंडली की उरलेलं पाणी दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून बोअरजवळच्या खड्ड्यात.

पाइप आता वीतभर वाढवला आहे. खड्डा दोन मजुरांनी दिवसभरात उपसला. गच्ची कुणी झाडायची यावर मात्र सभा दोनदा तहकूब झाली. खालचे म्हणतात, गच्ची वरच्यांची. वरचे म्हणतात, पाणी सगळ्यांचं. तिसऱ्या सभेची नोटीस लागली आहे. तोवर झाडू मीच घेतला आहे.