चर्चच्या शाळेत लेकरू घालताना

नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आमच्या धाराशिव जिल्ह्यात शाळाप्रवेशाची बोलणी सुरू होतात. ‘सिस्टरांच्या शाळेत नंबर लागेल का?’ ‘फी किती?’ ‘आईबापाला इंग्रजी यावंच लागतं का?’ ‘तिथं प्रार्थना कुणाची घेतात?’ चर्चने चालवलेल्या प्राथमिक शाळेत मी वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला आणि प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासायला बसले. आता निवृत्त झाले, तरी ओळखीपाळखीचे लोक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. त्यांच्यात एक गोष्ट सारखीच दिसते. कळंबच्या बाजारात भावासाठी अर्धा तास घासाघीस करणारी बाई शाळेच्या कार्यालयात मात्र मान खाली घालून उभी राहते. विचारायचं असतं ते विचारत नाही आणि त्याचा तोटा लेकराला होतो. म्हणून हे लिहिते आहे.

ही शाळा आपलीच

आधी मनातला परकेपणा काढून टाका. मराठी मुलखात मिशनच्या शाळांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि मुलींच्या शाळांत आयुष्य घालवून तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले त्यांत फरारबाईंच्या नगरच्या संस्थेचं नाव येतं. आपल्या शेजारी सोलापुरात वोरोनोको प्रशाला त्याच मिशनच्या वारशातली. ज्या मुलींना आणि ज्या वस्त्यांतल्या मुलांना कुणी वर्गात बसवत नव्हतं, त्यांच्यापासून हे काम सुरू झालं. आज शाळा कॅथलिक धर्मगुरूंची असो, सिस्टरांची असो वा प्रोटेस्टंट मंडळीची, तुमचं लेकरू तिथं हक्काने बसतं.

एक मात्र आधी पाहा. शाळेला मान्यता आहे का? प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो कार्यालयात विचारा. अनुदानित आहे की विनाअनुदानित, तेही विचारा. अनुदानित शाळेत पोषण आहार आणि बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. विनाअनुदानित शाळेत डबा तुमचा आणि पुस्तकांचा खर्चही तुमचा.

पंचवीस टक्क्यांचा घोळ

दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं, ‘बाई, आरटीईचा ऑनलाइन फॉर्म भरला, पण यादीत सिस्टरांची शाळाच दिसत नाही.’ त्याचं कारण कायद्यात आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात खासगी शाळांनी दुर्बल आणि वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवायच्या आहेत. पण राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा अधिकार दिला आहे. त्या आधारावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये ‘प्रमती’ खटल्यात अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, हा कायदा लागू होत नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेतली आणि तो मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. जुना निकाल बदलेपर्यंत अल्पसंख्याक दर्जाच्या चर्चशाळेत आरटीईची जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

पण घरची परिस्थिती बिकट असेल तर साध्या कागदावर, मराठीत, मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज द्या. वडील ऊसतोडीला जातात, आईला आजारपण आहे, पीक गेलं, जे खरं असेल ते लिहा. फी माफ करणं किंवा हप्ते बांधून देणं व्यवस्थापनाच्या हाती असतं. मी असे अर्ज मंजूर होताना पाहिले आहेत. तोंडी रडगाणं विसरलं जातं, अर्जाला उत्तर द्यावं लागतं. दुसरं असं की, पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद आहे. तिचा फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कागद नीट, तर पुढचं आयुष्य नीट

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत लेकराला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, नर्सरीसाठी ३. वय वाढवून किंवा कमी करून नाव घालायचा मोह धरू नका.

जन्मदाखला आधी काढून बघा. त्यात बाळाच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते, कारण दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. जन्माची नोंद झाल्यापासून १५ वर्षांच्या आत नाव घालता येतं, पहिलं वर्ष उलटलं असेल तर विलंब शुल्क भरून. शाळेत जायच्या आधी ते करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर नावाचा क्रमही ठरला आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं नर्सरीच्या दारात येऊ लागली की सगळे कागद या क्रमाशी जुळतात का ते तपासा.

जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद छापलं आहे आणि नव्यावर धाराशिव, म्हणून घाबरणारे पालक भेटतात. जिल्ह्याचं नाव सप्टेंबर २०२३ मध्ये बदललं, त्याआधीचे कागद तेवढ्याने खोटे ठरत नाहीत. नावातला काना-मात्रा मात्र जुळला पाहिजे. आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि अर्जात तिसरं, असं झालं की लेकरू मोठं होऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवतं.

याचं मूळ जनरल रजिस्टरमध्ये आहे. प्रवेशाच्या दिवशी लेकराचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म आणि जात त्यात लिहिली जाते. शाळा सोडताना मिळणारा दाखला त्याचीच नक्कल असतो आणि जातीच्या प्रमाणपत्रापासून पडताळणीपर्यंत तो मागितला जातो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही उघडली गेली. निजामाच्या राज्यात कुण्या गुरुजींनी लिहिलेली एक ओळ नातवंडा-पतवंडांच्या कामाला आली. म्हणून सांगते, प्रवेशाच्या दिवशी ती ओळ स्वतः वाचल्याशिवाय उठू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. चूक असेल तर लेकरू शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. पुराव्यासह प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. दाखला हातात पडल्यावर तेच काम फार जड होतं.

प्रार्थना, क्रूस आणि कवड्यांची माळ

चर्चच्या शाळेत घातलं म्हणजे लेकराचा धर्म बदलत नाही, जात बदलत नाही, सवलती जात नाहीत. रजिस्टरमध्ये तुम्ही कागदाच्या आधारे सांगाल तेच लिहिलं जातं. घटनेच्या २८व्या कलमाचा तिसरा भाग प्रत्येक पालकाला ठाऊक हवा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण असलं किंवा उपासना होत असली, तरी त्यात भाग घ्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. बहुतेक कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो आणि त्या वेळात बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात.

परिपाठात देवाची प्रार्थना होते, नाताळला गोठा सजतो, भिंतीवर क्रूस असतो. मी ख्रिस्ती आहे, माझ्या घरची उपासना मराठीत चालते आणि माझ्या वर्गात तुळजापूरची, दर्ग्याजवळची, भीमनगरातली लेकरं एकाच बाकावर बसली. नवरात्रात एका आराध्याच्या घरची पोर गळ्यात कवड्यांची माळ घालून आली. गणवेशाच्या नियमात माळ बसत नव्हती. मुख्याध्यापिका सिस्टरनी तिला जवळ बोलावलं, माळेची माहिती विचारली आणि तिच्या आजीला शाळेत बोलावून वर्गाला ती परंपरा सांगायला लावली. सगळीकडे असं होईलच असं नाही. म्हणून टिकली, बांगड्या, गंडा, टोपी, उपवास याबद्दल शाळेचा नियम प्रवेशाआधी स्पष्ट विचारा आणि तुमच्या घरची रीतही स्पष्ट सांगा. सिस्टर किंवा फादर यांची काही वर्षांनी बदली होते. ठरलेली महत्त्वाची गोष्ट लेखी ठेवलीत तर नव्या मुख्याध्यापकांनाही ती कळते.

फी आणि पालकांची समिती

फीसाठी महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीत पालकांची निवड सोडतीने होते. पुढच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. सोडतीच्या दिवशी हजर राहा. तिथं इंग्रजी बोलायची परीक्षा नसते, पालक असणं पुरेसं असतं. प्रवेशासाठी देणगी मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. गणवेश आणि वह्या ठराविक दुकानातूनच घ्यायची सक्ती मान्य करू नका. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

दप्तर, डबा आणि घरची भाषा

दप्तराचं वजन लेकराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. वीस किलोच्या पोराला दोन किलो पुरे. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. लेकराची झोप व्हावी म्हणून तो निर्णय झाला. शाळेची वेळ त्याआधीची असेल तर बैठकीत विषय काढा.

डब्यात भाकरी दिली तर लेकराला लाज वाटते, असं आया सांगतात. आपला मुलूख शाळू ज्वारीचा आहे. त्या भाकरीने पोट भरतं आणि ताकद येते. बाईंनी वर्गात एकदा कौतुकाने भाकरीचं नाव घेतलं की ती लाज जाते. तसं बाईंना मोकळेपणाने सांगा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली मोठी द्या आणि शाळेत टँकर येतो की बोअर आहे ते विचारा.

मराठीची काळजी करू नका आणि मराठी सोडूही नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, माध्यम आणि बोर्ड कोणतंही असो, मराठी विषय सक्तीचा आहे. मी पहिलीत पाहिलं ते हे की, ज्या लेकराशी घरी भरपूर मराठी बोललं जातं, ज्याला आजी गोष्टी सांगते, त्याला इंग्रजी वाचायलाही लवकर येतं. गोष्ट म्हणजे काय, हे त्याला आधीच ठाऊक असतं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलून त्याची जीभ अडवू नका. बाजारात घेऊन जा, भाव विचारू द्या, पाट्या वाचू द्या.

लेकराची सुरक्षा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली आणि शासनाने सगळ्या शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांबद्दल आदेश दिले. तुमच्या शाळेत यातलं काय आहे ते बघा. स्वच्छतागृहात लहान मुलांसोबत कोण जातं, तेही विचारा. धर्माचा झगा पाहून हा प्रश्न गिळू नका. चांगली शाळा तो ऐकून बरं मानते. लेकराला क्रूरपणे मारणं किंवा छळणं बाल न्याय अधिनियमाच्या ७५व्या कलमाखाली गुन्हा आहे. लेकराच्या अंगावर वळ दिसले तर ‘शिस्त आहे’ म्हणून गप्प बसू नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, दिवसरात्र चालू.

गाडी लावणार असाल तर शाळेच्या परिवहन समितीकडे नोंद आहे का, मदतनीस आहे का, किती लेकरं कोंबली जातात, हे स्वतः पाहा. लोहारा आणि उमरगा भागातल्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट सांगायला नको. इमारतीच्या भिंती आणि छत, बाहेर पडायचे रस्ते, भूकंपाचा सराव या गोष्टी त्या लोकांनी तरी विचारल्याच पाहिजेत.

अडलं तर

आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक. तिथं मार्ग निघाला नाही तर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि शेवटी लातूरचं शिक्षण उपसंचालक कार्यालय. प्रत्येक पायरीवर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पालक विचारतात तेव्हा शाळा सुधारते, हे मी आतून पाहिलं आहे. एका आईने पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं, म्हणून टाकी धुवायची तारीख फळ्यावर लिहायची पद्धत पडली. एका बापाने पावती मागितली, म्हणून सगळ्यांना पावती मिळू लागली. मुलांना शिकवणं हे सेवेचं काम आहे असं मानणाऱ्या शाळेला विचारणारे पालक हवेच असतात. जूनमध्ये शाळा भरते. त्याआधी एकदा जा, पहिलीच्या वर्गात डोकावा, बाईंशी मराठीत बोला आणि मनातले सगळे प्रश्न विचारूनच घरी या.