ससा की गिनीपिग? परळच्या दवाखान्यातला मे महिन्यातला एक दिवस

सकाळी ७
दवाखाना उघडला की आधी पिंजऱ्यांतल्या लेंड्या बघते. काल रात्री एक ससा ठेवून घेतला होता. दिवसभर त्याने काही खाल्लं नव्हतं. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. बारा तास तोंडात घास गेला नाही तर आतडं मंदावतं, वायू धरतो आणि पुढे सगळं झपाट्याने बिघडतं. म्हणून रात्री दोनदा सिरिंजने पातळ खाणं भरवलं. आता कोपऱ्यात चार बारीक लेंड्या दिसल्या. मोठ्या हव्या होत्या, पण पडल्या हे महत्त्वाचं.

शेजारच्या पिंजऱ्यात एक गिनीपिग मागचे पाय ओढत चालतोय. त्याला महिनोन्‌महिने बाजरी आणि काकडी एवढंच मिळालं. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते आपल्यासारखं रोज अन्नातूनच घ्यावं लागतं. ससा ते स्वतः बनवतो. हा फरक विकणारे बहुधा सांगत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला सांगते: रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर आणि हंगाम असेल तेव्हा पेरू.

सकाळी १०
सुट्टी लागली की ‘प्राणी घ्यायचाय’ म्हणणारी घरं येतात. आज ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतून आई, बाबा, आजी आणि सहावीत गेलेला मुलगा आले. प्राणी घेण्याआधी विचारायला येणारे फार थोडे, म्हणून यांच्यासाठी मी वेळ राखून ठेवते.

“डॉक्टर, याला ससाच हवाय,” बाबा म्हणाले.

“ससा घेऊन तू काय करशील?” मी मुलाला विचारलं.

“मांडीवर घेऊन बसेन.”

इथेच गाडी अडते. सशाला उचललेलं आवडत नाही. त्याची हाडं हलकी आणि मागच्या पायांत जोर मोठा. धरताना मागचा भाग नीट आधारला नाही आणि त्याने लाथ मारली, तर त्याचाच कणा मोडतो. जमिनीवर बसलेल्या माणसाजवळ तो आपणहून येतो, हुंगतो, हनुवटी घासून जातो. पण त्यासाठी त्याला मोकळी जमीन हवी. यांची खोली १६० चौरस फुटांची. तीत कॉट, कपाट, ओटा, चार्जरच्या वायरी आणि रात्री अंथरलेल्या गाद्या. ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, म्हणजे नेमका ज्या वेळी यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दिवसभर पिंजऱ्यात कोंडलेला ससा मला बघवत नाही, आणि तसे ससे मी फार बघते.

“मग नव्या बिल्डिंगमध्ये गेल्यावर?” आईने विचारलं. चाळीच्या पुनर्विकासात तिथे ५०० चौरस फूट मिळणार आहेत. तेव्हा विचार करा, मी म्हटलं, पण ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आज सहावीत असलेला मुलगा तेव्हा कॉलेजात असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. तोवर त्याचा चारा कोण आणणार?

आजी मघापासून गप्प होत्या. “मीच,” त्या म्हणाल्या. “घरात दिवसभर मीच असते ना.” मग मी पुढचं सगळं त्यांच्याशीच बोलले.

त्यांना सांगितलं: दोन गिनीपिग घ्या, एकाच लिंगाचे. एकटा गिनीपिग कुढतो. दोघे असले की आपसात कुरकुरत राहतात, आणि फ्रिज उघडला की शिट्टीसारखा आवाज काढून भाजी मागतात. ते उड्या मारून कपाटामागे जात नाहीत. ओळख झाली की मांडीवर टॉवेल पसरून बसवता येतात. आयुष्य पाच ते आठ वर्षं. ससा असो वा गिनीपिग, गाजर-पोळी-बिस्किटांवर कोणीच जगत नाही. दोघांचेही दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला सुकं गवत दिवसरात्र समोर हवं.

“गावाकडून सशाचं पिल्लू आणलं तर?” बाबांनी जाता जाता विचारलं. ते मुळीच नको. रानातला ससा वेगळा प्राणी आहे, तो १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि पकडला की भीतीनेच मरू शकतो.

दुपारी १२
‘दोन्ही माद्या’ म्हणून विकलेली गिनीपिगची जोडी. एक नर निघाला, दुसरी गाभण. मादी चार आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, तीही अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. नराला आजच वेगळं केलं.

दुपारी २
डबा खाऊन आचार्य दोंदे मार्गाने एक चक्कर मारते. उन्हात कोणी हसेल, पण हाफकिन इन्स्टिट्यूटच्या फाटकासमोरून जाणं मला आवडतं. प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिनने मुंबईत लस तयार केली, आधी सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

पुढे १९०५पासून प्लेग आयोगाच्या संशोधकांनी मुंबईत प्लेगची लागण झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत, त्यातले कितीतरी प्लेगने मेले. बारीक जाळीने पिसवा अडवलेल्या पिंजऱ्यांतले वाचले. प्लेग उंदराकडून माणसाकडे पिसवांमार्फत येतो, हे सिद्ध होण्यात या मुक्या जिवांचा वाटा आहे. मुंबईतल्या खोल्यांत गिनीपिग तेव्हा असे आले होते. त्यांच्या वंशातलं कोणी आता मुलाच्या मांडीवर सुखाने कोथिंबीर खात असेल, तर ते मला फार न्यायाचं वाटतं.

दुपारी ४
गिरगावातून फोन. वरच्या मजल्यावरचा ससा आडवा पडलाय, तोंड उघडं टाकून श्वास घेतोय. कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका, पंखा चालू ठेवा आणि टॅक्सीने लगेच आणा, असं सांगितलं. सशाची उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते, आणि तिशीच्या वरच्या तापमानात त्याचा निभाव लागणं कठीण होतं. गिनीपिगही तितकाच नाजूक. पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या उन्हाची खोली असेल, तर मी दोघांनाही नको म्हणते.

साडेचारला ससा पोचला. सलाइन लावलं. सहाला मान उचलली.

संध्याकाळी ७
लालबागहून आलेल्या दोन बहिणींच्या घरात ससा सुखात आहे. त्यांनी एक खोली त्याला मोकळी दिली आहे, वायरी नळ्यांत घातल्या आहेत. त्यांची काळजी गणपतीची. ढोल-ताशाच्या आवाजाने ससा बिथरतो, मागचे पाय आपटतो, खाणं सोडतो, कधी धक्क्याने जातोही. त्या दहा दिवसांसाठी ठाण्यातल्या मावशीकडे न्या, आणि आठ दिवस आधीच न्या, म्हणजे जागा ओळखीची होईल.

रात्री ८:३०
सकाळच्या बाबांचा फोन. गिनीपिगच घ्यायचं ठरलंय. मुलाचं म्हणणं, पिंजरा कॉटखाली ठेवू. मी नको म्हटलं. तिथे हवा खेळत नाही आणि लघवीच्या वासाने त्यांच्या छातीला त्रास होतो. ओट्यापासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब, चार फूट बाय दोन फुटांची जागा शोधा. दुकान नोंदणीचं आहे का ते विचारा, २०१८च्या नियमांनी ती नोंदणी बंधनकारक आहे. आणि पैसे देण्याआधी दोन्ही पिल्लं मला दाखवा, नर-मादी मी बघून देईन.

“आजी विचारतायत, गवत कुठून आणायचं?”

त्यांनाच फोनवर घेतलं. वहीपेन्सिल घेऊनच बसल्या होत्या.