श्वासावाटे घेतलेले औषध

दम्याच्या रोग्याने पंपातून ओढलेला सालब्युटामॉलचा फवारा सर्वच्या सर्व फुप्फुसांत उतरतो, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. कारण ५ मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी घशाच्या वळणावर आदळून गिळले जातात, अतिसूक्ष्म कणांपैकी पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत फिरतात, आणि साधारणतः १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे तेवढे श्वासनलिकांच्या शाखोपशाखांत पोचतात. म्हणूनच फवारा सावकाश ओढून सुमारे १० सेकंद श्वास रोखावा, ही डॉक्टरांची ताकीद मला अत्यंत मोलाची वाटते. त्या अवधीत कण स्वभारानेच नलिकांच्या भिंतींवर स्थिरावतात.

त्याहून खोल वायुकोशांचा प्रदेश लागतो. तेथील कोट्यवधी कोशांचे एकत्रित क्षेत्रफळ प्रौढ मनुष्यात ७० चौरस मीटरांच्या आसपास भरते, आणि हवा व रक्त यांमधील पडदा बहुतेक ठिकाणी १ मायक्रॉनहूनही पातळ असल्याने, भूल देणारे वायू आतडे व यकृत यांची जकात न भरता थेट रक्तात शिरतात. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी द्रव्ये पेशींतून सहज पार होतात. इन्सुलिनसारखे मोठे रेणू मात्र रेंगाळतात, व त्यांचा बराच अंश वाटेतच नष्ट होतो.

स्टेरॉइडचा फवारा घेतल्यावर चूळ अवश्य भरावी, कारण घशात उरलेल्या अंशामुळे तेथे बुरशी वाढू शकते.