पानांवाटें पिकांचें पोषण

सातारा-सांगलीकडील घरांत दाण्याच्या कुटावांचून भाजी सिद्ध होत नाहीं. परंतु हा दाणा देणारा भुईमूग चुनखडीच्या काळ्या जमिनींत कित्येकदां ऐन वाढींत पिवळा पडतो. शेतकऱ्यास वाटतें, पीक तहानलें. तो आणखी पाणी देतो आणि पीक अधिकच पिवळें पडतें. असें कां व्हावें?

पिकास उणीव असते ती पाण्याची नव्हे, लोहाची. जमिनींत लोह पुष्कळ असतें. परंतु चुन्याच्या संगतीनें तें न विरघळणाऱ्या रूपांत जातें, आणि पाणी सांचलें म्हणजे तें घेणें मुळांना अधिकच कठीण होतें. कोठार भरलेलें, पण किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था. शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या दिसल्या, तर लोहाची उणीव समजावी. नत्र कमी असेल तर खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं होतात. कारण नत्र जुन्या पानांतून नव्याकडे जाऊं शकतें, लोह सहसा जात नाहीं.

अशा वेळीं १० लिटर पाण्यांत ५० ग्रॅम हिराकस व १० ते २० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सायंकाळीं पानांवर फवारावें. आठ-दहा दिवसांनीं पुन्हां फवारावें. पानाच्या मेणचट पापुद्र्यांतून व सूक्ष्म छिद्रांतून तें आंत शिरतें. भर उन्हांत थेंब लवकर वाळतात आणि पानें करपण्याचा धोका असतो.

मात्र फवारा म्हणजे पोटभर जेवण नव्हे. सांगलीजवळील कसबे डिग्रजच्या कृषि संशोधन केंद्रानें 'फुले संगम'सारखे सोयाबीनचे सरस वाण दिले. पण सरस वाणाची भूकही मोठी. शेंकडा २ प्रमाणाचें युरियाचें पाणी हेक्टरीं ५०० लिटर फवारलें, तरी त्यांतून नत्र मिळतें साडेचार किलो. चांगल्या पिकास तें १०० किलोहून अधिक लागतें. प्रमाण वाढवावें, तर पानेंच जळतात. भुईमुगाची शेंग तर कॅल्शियम थेट भोंवतालच्या मातींतून शोषते. पानांवर दिलेलें तिच्यापर्यंत उतरत नाहीं. जेथें तें उणें असेल, तेथें आऱ्या सुटतांना जिप्सम मातींतच घालावें लागतें.

आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें. म्हणून येथील प्रत्येक शेंग मोलाची आहे. शेतकऱ्यानें महागडी बाटली घेण्यापूर्वीं मातीची परीक्षा करवून घ्यावी व पिवळें पान वरचें कीं खालचें, एवढें तरी पाहावें.