जुन्या स्लाइडचे स्कॅन बिघडते. दोष नेमका कुठे?

क्रॉयडन : साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये आलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या पहिल्या वर्षांची रंगीत नोंद ३५ मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये आहे. क्रॉयडनसारख्या उपनगरातील घराच्या माळ्यावरून असा डबा खाली येतो, स्कॅनरवर चढतो आणि पडद्यावर निळसर, डागाळलेले चित्र उमटते. अशा वेळी संगणकावर रंग बदलण्यापूर्वी दोष फिल्मचा की यंत्राचा, हे ठरवावे. स्लाइड पांढऱ्या प्रकाशासमोर धरून भिंगातून पाहावी. तेथे चित्र स्वच्छ दिसत असेल, तर दोष स्कॅनिंगचा.

कोडॅक्रोमच्या बाबतीत हे विशेष खरे. तिचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात; मात्र इतर फिल्मसाठी जुळवलेल्या स्कॅनरवर ती बहुधा निळसर उतरते. यावर उपाय म्हणजे स्कॅनरच्या प्रणालीतील कोडॅक्रोमची स्वतंत्र जुळणी निवडणे. धूळ ओळखणारी अवरक्त किरणांची सोयही येथे फसवी ठरते. ती चित्रातील गडद तपशीलालाच धूळ समजून पुसू शकते. या फिल्मसाठी ती बंद ठेवावी आणि हवेच्या फुग्याने धूळ उडवावी.

सावलीतील भाग काळाठिक्कर किंवा दाणेदार येत असल्यास स्कॅनरची क्षमता अपुरी पडते. एकाच स्लाइडचे अनेक फेऱ्यांत स्कॅन केल्यास दाणे कमी होतात. मध्य सुस्पष्ट पण कडा अस्पष्ट असल्यास पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्म वाकलेली असते. इंद्रधनुषी वलये दिसल्यास फिल्म काचेला चिकटली आहे, असे समजावे. ४००० पीपीआयला सुमारे दोन कोटी पिक्सेलचे चित्र मिळते. त्यापुढे आकडा वाढवल्याने फाइल फुगते, तपशील फारसा वाढत नाही.

दमट हवेत वाढलेली बुरशी मात्र फिल्मचाच दोष आहे. ती पाण्याने पुसू नये. मऊ झालेला चित्रथरच निघून येऊ शकतो. अशा स्लाइड वेगळ्या, कोरड्या जागी ठेवून तज्ज्ञांकडे द्याव्यात.

स्कॅन सोळा बिटच्या टिफ स्वरूपात साठवावे आणि मूळ स्लाइड टाकून देऊ नये. उद्याचे यंत्र तिच्यातून अधिक काही वाचू शकेल. चित्रातील माणसांची नावे मात्र कोणतेही यंत्र वाचणार नाही. ती सांगणारे ज्येष्ठ घरात आहेत, तोवरच प्रत्येक फाइलला नाव, गाव आणि साल जोडून घ्यावे.